पन्हाळ्याच्या डब्यातलं काजूचं चीज

आज पन्हाळ्याला नेलेलं बिनदुधाचं चीज डब्यात पसरलं नाही, कारण वाटताना पाणी बेताचं. चंदगड-आजऱ्याकडचे २०० ग्रॅम कच्चे काजू (तुकडा चालतो, स्वस्त पडतो, भाजलेले नकोत, रवाळ राहतात) ४ तास भिजवून, निथळून, ४ चमचे पाण्यात अगदी गुळगुळीत वाटायचे. विरजणाला दही चालणार नाही, ते दुधाचंच की! दूधविरहित प्रोबायोटिकच्या (आंबवणाऱ्या चांगल्या जिवाणूंच्या) २ कॅप्सूल फोडून मिसळा, फडक्यात बांधून चाळणीत ठेवा. उन्हाळ्यात साधारण १२ तासांत आंबतं, थंडीत २४ लागतात. मीठ नंतरच, आधी घातलं तर आंबणं मंदावतं. गुलाबी डाग दिसले की सरळ फेकायचं. वरून कांदा-लसूण मसाला चोळून रात्रभर फ्रिजमध्ये. नेताना डब्याखाली बर्फ हवाच.