नवा कॉम्प्युटर, पिवळा स्क्रीन आणि बिलावरची तारीख – माझा अनुभव

नव्या कॉम्प्युटरचं काय झालं आणि तो बदलून कसा मिळाला, असं बरेच जण विचारतायत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आम्ही लग्नाचे अल्बम करतो, कोल्हापुरात राजारामपुरीत घरातच पुढच्या खोलीत सेटअप आहे, शूटिंग नवरा बघतो आणि डिझाइन, कलर करेक्शन, छपाईच्या लॅबला फायली पाठवणं हे माझ्याकडे. उन्हाळ्यातली लग्नं संपली की आमचं खरं काम पावसाळ्यात सुरू होतं. करिझ्मा अल्बमचं (फोटो थेट पानावर छापलेला अल्बम) एक पान १२ बाय ३६ इंचाचं, म्हणजे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १०८०० बाय ३६०० पिक्सेल, आणि अशी पानं उघडून बसलं की जुना पीसी चहा करून येईपर्यंत सेव्हच करत बसायचा. मे महिन्यात एका मोठ्या कंपनीचा २७ इंची फोर-के ऑल-इन-वन (स्क्रीन आणि कॉम्प्युटर एकातच) नवीन आला, सगळीकडे कौतुक चाललेलं, आम्ही शाहूपुरीतल्या डीलरकडे बुक करून टाकला. कंपनीचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही, उगाच कमेंटमध्ये विचारू नका.

डीलर म्हणाला आठ-दहा दिवसांत येईल. मग म्हणाला माल कमी आणि बुकिंग जास्त, ज्यांचं पूर्ण पेमेंट झालंय त्यांना आधी मिळणार. केलं पेमेंट, दीड लाखाच्या वर, आणि त्याने त्याच दिवशी ४ जूनचं बिल फाडून हातात दिलं. ही तारीख लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण हिच्यावरच आहे. बिल हातात, मशीन बंगळूरच्या गोडाऊनमध्ये. ट्रॅकिंग बघावं तर गाडी हुबळीला, दुसऱ्या दिवशी बघावं तर हुबळीलाच, मला तर वाटायला लागलं ड्रायव्हरने तिकडे घरजावई व्हायचं ठरवलंय. शेवटी २३ जूनला बॉक्स घरी आला. दुकानातल्या पोराने डिलिव्हरी चलनावर सही मागितली तेव्हा मी सहीखाली तारीख आणि वेळ टाकली, आणि चलनाचा फोटो काढून ठेवला. ही सवय लॅबच्या पार्सलांमुळे लागलेली आहे, इथे फार उपयोगी पडली.

पहिल्या दिवशी मशीन एकदम झकास, स्पीड तर विचारूच नका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हळदीचे फोटो काढून बसले तर नवरीच्या चेहऱ्याचा रंग काही जुळेना. फोटो वर सरकवला की चेहरा बरोबर, तोच फोटो खाली आणला की काविळीचा पेशंट. आधी वाटलं डोळे थकलेत. मग पूर्ण स्क्रीन एकाच राखाडी रंगाचा केला, ट्यूब बंद केली आणि लांब उभी राहून बघितलं, तर खालचा एक तृतीयांश भाग सरळसरळ पिवळट, डावीकडे जास्त. ज्यांना फक्त एक्सेल आणि यूट्यूब चालवायचंय त्यांना हे जन्मात कळणार नाही. पण माझं पोटच रंगावर आहे. एक टेस्ट प्रिंट काढून बघितली, स्क्रीनवर नीट दिसावं म्हणून मी पिवळा कमी केलेला आणि प्रिंटमध्ये नवरीची पिवळी अष्टपुत्री साडी फिकी पडली आणि नवरीचे हात निळसर आले. लॅबवाला म्हणतो, "वहिनी, लग्न महाबळेश्वरात होतं काय, गारठलीय बिचारी." ओळखीच्या एका फोटोग्राफरकडून कॅलिब्रेशनचं यंत्र आणलं, ते स्क्रीनवर टेकवून मोजलं तर वरच्या भागात ६५०० केल्विनच्या आसपास (आकडा जितका कमी तितका पांढरा रंग पिवळट), जे पाहिजे तेच, आणि खाली डाव्या कोपऱ्यात ५७०० सुद्धा भरेना. म्हणजे एकाच स्क्रीनवर दोन वेगवेगळे पांढरे.

त्यात दुसरं दुखणं सुरू झालं, मधेच स्क्रीन सेकंदभर काळा व्हायचा आणि परत यायचा. कधी तासाभरात दोनदा, कधी दिवसभर नाहीच. कस्टमर केअरला फोन लावला की पहिलं वाक्य ठरलेलं, "मॅडम, तुमच्याकडे व्होल्टेजचा किंवा अर्थिंगचा प्रॉब्लेम असेल." मी वाद न घालता वायरमनला बोलावलं. त्याने मीटर लावला, फेज आणि न्यूट्रलमध्ये २३४ व्होल्ट, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जेमतेम दीड. मीटरच्या आकड्यांचा फोटो काढून मेलला जोडला. मग म्हणाले यूपीएस काढून बघा. हा प्रश्न तसा रास्त होता, कारण स्वस्तातले यूपीएस बॅटरीवर गेले की भिंतीतल्या विजेसारखी शुद्ध साइन वेव्ह देत नाहीत आणि काही नवीन पॉवर सप्लायना ते मानवत नाही. काढला, सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावलं, तरी लुकलुक चालूच. आता पुरावा कसा द्यायचा, इंजिनिअर आला की मशीन शहाण्यासारखं वागणार. नवऱ्याने लग्नाचा कॅमेरा ट्रायपॉडवर लावून स्क्रीनसमोर ठेवला आणि दुपारभर रेकॉर्डिंग चालू. म्हणाला, "एवढं कव्हरेज तर मी नवरदेवाला पण देत नाही." पण सापडलं, चांगलं दोनदा सापडलं, कोपऱ्यातल्या घड्याळासकट.

आता ऐका खरा घोळ. नवीन मशीन सुरुवातीलाच खराब निघालं तर त्याला डीओए (डेड ऑन अरायव्हल) म्हणतात, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने तसं सर्टिफिकेट दिलं की डीलर बदलून देतो. नाही दिलं तर ते रिपेअरमध्ये जातं, म्हणजे तुमचं दीड लाखाचं कोरं मशीन खोलून त्यात दुसरा पॅनल (स्क्रीन) बसवणार. या कंपनीची डीओएची मुदत १४ दिवस, आणि ती मोजायची बिलाच्या तारखेपासून! माझं बिल ४ जूनचं. म्हणजे बॉक्स माझ्या दारात यायच्या आधीच मुदत संपलेली. फोनवरची मुलगी अगदी गोड आवाजात सांगते, "सिस्टीममध्ये तुमची विंडो एक्स्पायर दाखवतेय मॅम." अहो, तुमची गाडी हुबळीत मुक्कामाला होती तेव्हा माझी विंडो उघडी होती होय?

मी फोन बंद करून सरळ कागद गोळा केले. सही-तारखेचं चलन होतंच. ट्रान्सपोर्टवाल्याकडून बिल्टीची (माल पाठवल्याच्या पावतीची) कॉपी आणली. आणि डीलरकडून ई-वे बिल (जीएसटीतला माल वाहतुकीचा कागद) मागितलं, ५० हजारांच्या वरचा माल राज्याबाहेरून येतो म्हणजे ते असणारच आणि त्यावर गाडी नंबर, तारीख सगळं असतं. डीलर जरा कां-कूं करत होता, म्हणाला वहिनी हे कशाला लागतंय. मी म्हटलं भाऊ, हे तुमच्याविरुद्ध नाही, तुमच्यासाठीच आहे, नाहीतर तो डबा तुमच्याच गळ्यात पडेल. मग लगेच दिलं. सगळं एका मेलमध्ये जोडलं आणि फक्त एवढंच लिहिलं की माल ताब्यात मिळाला २३ जूनला, तक्रार नोंदवली २५ जूनला, तेव्हा मुदत कशी संपली ते लेखी कळवा. "लेखी कळवा" हे फार जालीम औषध आहे, फोनवर बोलणारी माणसं लेखी म्हटलं की एकदम वरच्या माणसाकडे पाठवतात.

वरचा माणूस जास्त हुशार निघाला. त्याने आधी पिक्सेलचं स्टँडर्ड काढलं, आयएसओ ९२४१-३०७, त्यात क्लास दोनच्या पॅनलला दर दहा लाख पिक्सेलमागे दोन कायम पेटलेले आणि दोन कायम विझलेले चालतात. फोर-केमध्ये ८३ लाखाच्या आसपास पिक्सेल, म्हणजे या हिशोबाने सोळा ठिपके पेटलेले असले तरी माल पास. ठीक आहे, पण मी ठिपक्यांची तक्रार केलीच नव्हती, माझी तक्रार पिवळ्या पट्ट्याची आणि लुकलुकण्याची. त्यांच्या वॉरंटीच्या कागदात रंग सगळीकडे सारखा असण्याबद्दल एक ओळ नाही. मग दुसरा डाव, "मॅम, बिलावर जीएसटी नंबर आहे, म्हणजे कमर्शियल खरेदी, ग्राहक कायदा तुम्हाला लागू होत नाही." इथे भले भले गप्प बसतात म्हणून मुद्दाम लिहिते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू वगळलीय हे खरं, पण तिथेच खाली स्पष्टीकरण आहे की स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेऊन स्वतः वापरली तर तो माणूस ग्राहकच. नवरा-बायको मिळून चालवतो, नोकर एक नाही, अजून काय पाहिजे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली आणि तो नंबर मेलमध्ये लिहिला. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी पण लागत नाही, हेही लिहिलं. तिथवर जावं लागलं नाही. इंजिनिअर आला, राखाडी स्क्रीन बघितला, व्हिडिओ बघितला, स्वतःच म्हणाला, "ताई, या मॉडेलचा हा माझा पहिला नाही." सर्टिफिकेट मिळालं.

आता बदली मशीन. परत तेच, स्टॉक नाही. तोवर जुलै उजाडला आणि डीलरला नवीन कारण सापडलं.

"वहिनी, पूर आलाय न्हवं, गाडी किणी टोलनाक्याला अडकलीया."

"भाऊ, राजाराम बंधाऱ्याला पाणी ३१ फुटांवर हाय. माझी जाऊ आत्ता तासाभरापूर्वी पुण्याहून एसटीनं आली."

गप्प. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी येऊन पुणे-बंगळूर रस्ता खरंच बंद पडलेला, त्यामुळे बाहेरच्या माणसाला हे कारण खपलं असतं. पण कोल्हापूरकराला पंचगंगेची पातळी सांगून फसवायचं म्हणजे कमालच झाली, इथे ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका हे शेंबड्या पोराला पाठ असतं. खरं कारण त्यानेच नंतर सांगितलं, कंपनीने माल सोडणंच कमी केलं होतं.

त्याच काळात रात्री जागून वाचत बसायचे तेव्हा लक्षात आलं की हे काही नवीन नाही. २००९ च्या ऑक्टोबरात अ‍ॅपलचा २७ इंची आयमॅक आला तेव्हा काहींच्या काचेला कोपऱ्यात तडे, काहींचा स्क्रीन लुकलुकायचा, काहींना खाली पिवळट पट्टा, डिसेंबरात त्यांनी ग्राफिक्सचं फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट काढलं, २०१० च्या सुरुवातीला अजून एक काढलं, आणि या सगळ्यात डिलिव्हरी आठवडेच्या आठवडे लांबलेली. एवढी मोठी कंपनी, तरी. तेव्हा मला कळलं की उशीर आणि खराबी ही दोन वेगळी दुखणी नाहीत. पहिल्या घाण्यात काहीतरी बिघडलंय म्हणूनच माल रोखून धरतात, आणि अशा वेळी घाई करून जो डबा पहिला मिळेल तो घेणं म्हणजे परत तेच मशीन घरी आणणं.

म्हणून डीलरचा "आलंय वहिनी, घेऊन जावा" असा फोन आला तेव्हा मी दुकानात जाऊन आधी बॉक्सचा स्टिकर बघितला. पॅकबंद मालावर बनवल्याचा महिना आणि वर्ष छापणं नियमाने सक्तीचं आहे. महिना तोच, माझ्या पहिल्या मशीनचा. म्हटलं हा नको. काउंटरवरचा पोरगा बघतच राहिला, एवढे दिवस मशीन मशीन करणारी बाई आलेलं मशीन परत पाठवतेय. डीलर चिडला थोडा, तसा माणूस वाईट नाही, पण त्याच्या हातात काही नसतं आणि शिव्या मात्र त्यालाच खाव्या लागतात. मी सांगितलं पुढच्या महिन्याचा माल येईल तेव्हा फोन करा, तोवर जुन्या पीसीवर रडत रडत काम करते. गडहिंग्लजच्या एका पार्टीचा अल्बम तेवढ्यात लांबला, त्यांच्याशी गोड बोलावं लागलं.

ऑगस्टच्या शेवटी दोन महिने पुढचा स्टिकर असलेला बॉक्स आला. दुकानाच्या पोटमाळ्यावर नेला, दिवे बंद करायला लावले, डीलरसमोरच खोलला. आधी राखाडी, मग पांढरा, मग काळा स्क्रीन, चारी कोपऱ्यांत यंत्र टेकवून मोजलं. एका कोपऱ्यात थोडा फरक होता पण १०० केल्विनच्या आत, तेवढा चालतो. डीलर दर दोन मिनिटांनी विचारतोय "बरं हाय का वहिनी?" आणि मी म्हणतेय थांबा अजून. तासभर चालू ठेवलं, एकदाही काळा झाला नाही. वर उजवीकडे एक विझलेला ठिपका सापडला, तो मात्र सोडून दिला.

आणि जाता जाता जीएसटीवाल्यांसाठी. बदली देताना डीलर म्हणत होता जुन्याच बिलावर सिरीयल नंबर हाताने बदलून देतो. नको म्हणा. पहिल्या बिलाची क्रेडिट नोट (त्या बिलाची रक्कम परत वजा केल्याचा कागद) आणि नव्या मशीनचं नवीन बिल घ्या, म्हणजे वॉरंटी पण नव्या तारखेपासून धरतात आणि १८ टक्क्यांचा हिशोब पण बरोबर बसतो. मला नवीन बिल त्याच दिवशी मिळालं, क्रेडिट नोट मात्र पुढच्या महिन्यापर्यंत लटकली, सीएचा रोज फोन. परवा आली एकदाची.