तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्यानंतर हिचं कसं?

अमळनेरला बसस्टँडजवळ माझं ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती आणि दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड. माझ्या डाव्या पायात कॅलिपर आहे, म्हणजे पाय सरळ धरणारा पट्ट्यांचा आधार; लहानपणचा पोलिओ. त्यामुळे अपंग मुलांचे आईबाप आधीची दोन दुकानं सोडून माझ्याकडेच येतात. काम झालं, पावती घडी करून पिशवीत गेली, की उठता उठता विचारतात, "ताई, आमच्यानंतर हिचं कसं?" कुणी अहिराणीत विचारतं, "आमना मांगे यानं कसं व्हई?" ज्याच्याबद्दल विचारतात ते पोरगं तिथेच बसलेलं असतं. पंधरा-सोळा वर्षांचं, सगळं कळणारं.

बरीच वर्षं मी "होईल हो काहीतरी" म्हणून वेळ मारून नेली. आता मी खुर्ची वळवते आणि पोरालाच विचारते, "तुझं काय म्हणणं?" आईबाप दचकतात. पोरं मात्र तयार असतात. आणि एक गंमत सांगते, आजवर एकाही पोराने "आईबापानंतर"ची गोष्ट काढलेली नाही. त्यांचं सगळं बोलणं येत्या जूनचं, नाहीतर अठरा पूर्ण होतील त्या दिवसाचं.

चोपड्याकडचा एक मुलगा येतो, घरची केळी आहे. त्याला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, डुशेन प्रकारची. यात स्नायू वर्षागणिक कमजोर होत जातात. तो अकराव्या वर्षी चालायचा थांबला. यूडीआयडी कार्डावर निळी पट्टी, म्हणजे अपंगत्व ८० टक्के किंवा त्याहून जास्त. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "ताई, लांबचं नका विचारू. दहावीनंतरचं विचारा." त्याला आपला आजार पाठ आहे, मोबाइलवर सगळं वाचलंय. बापाला वाटतं, पोरगा नोकरीला लागला म्हणजे सुटला. पोराचं म्हणणं वेगळंच. थंडीत मळ्यात भरिताचा कार्यक्रम होता. काळ्या मातीत व्हीलचेअर जात नाही, म्हणून काकांनी त्याला न विचारताच केळीच्या घडासारखं खांद्यावर टाकलं आणि बांधावर नेऊन बसवलं. सगळ्यांना कौतुक. हा त्या दिवशी जेवला नाही. मग त्याने चुलतभावाला शिकवलं: आधी सांगायचं, मग एक हात पाठीमागून काखेत, दुसरा गुडघ्यांखाली, आणि मी 'हां' म्हटल्यावरच उचलायचं. मला दुकानात हे सांगताना त्याचा स्वर एखाद्या मुकादमाचा होता. उचलणारा लागणारच, उद्या दोन लागतील, हे त्याला मान्य आहे. पण 'हां' त्याचा.

आपल्या भाषेत स्वावलंबी होणं म्हणजे 'स्वतःच्या पायावर उभं राहणं'. या हिशेबाने तो पोरगा परीक्षेआधीच नापास. मीसुद्धा काठावर पास, तेही कॅलिपरच्या गुडघ्याला लॉक लावून.

माझी गोष्ट थोडक्यात सांगते. बारावीनंतर मला जळगावला शिकायला जायचं होतं. जिभाऊ, म्हणजे माझा भाऊ, म्हणाला, तिथे तुला कोण बघणार? तो प्रेमाने म्हणाला, म्हणून भांडताही आलं नाही. सहा वर्षं घरात गेली. मग मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर घेतली. लायसन्सवर वाहनाचा प्रकार लिहून आला, 'इनव्हॅलिड कॅरेज', म्हणजे पंगूची गाडी. (२०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्याने तो शब्द काढून 'अडॅप्टेड व्हेईकल' केला, बरं झालं.) आज मी एकटी राहते, सगळे मला स्वावलंबी म्हणतात. नळाला पाणी येतं त्या दिवशी टाक्या भरायला शेजारचा पोरगा येतो, मी त्याला पैसे देते. माझ्या भावाच्या टाक्या वहिनी भरते. तिथे स्वावलंबनाचा प्रश्न कुणी काढत नाही.

आईबापांची भीती खोटी नाही, हेही सांगते. पंचेचाळीस किलोची मुलगी दिवसातून सहा वेळा उचलणाऱ्या बाईची कंबर मी पाहिलेली आहे. त्यांना जे कागदोपत्री सांगायचं ते मी सांगतेच. एसटीत ७५ टक्के भाडं माफ, अपंगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबत्यालाही निम्मं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकरीत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के जागा. जळगावात दीपस्तंभ संस्थेचं 'मनोबल' केंद्र आहे, तिथे दिव्यांग मुलं राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. आणि नुसता हातापायांचा त्रास असलेल्या मुलाला अठरानंतर पालकत्वाचा कागद लागत नाही, तो स्वतःच सज्ञान असतो. हे शेवटचं ऐकून बरेच बाप गप्प होतात.

परवा पारोळ्याकडून मायलेकी आल्या. मुलगी नववीत, व्हीलचेअरवर. एप्रिलचं ऊन, माझ्या कॅलिपरच्या पट्ट्यांना हात लावला तर चटका बसत होता. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, तिने घेतला नाही. आई म्हणाली, "ती सकाळी चहा घेते, मग घरी जाईपर्यंत काही पीत नाही. शाळेतही तसंच." शाळेच्या संडासाला दोन पायऱ्या आहेत. एवढ्यावरूनच मी ओळखलं, मीही शाळेत हेच केलेलं आहे.

तिचा फॉर्म ओटीपीवर अडला होता. नंबर वडिलांचा, वडील सुरतेला लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर, त्यांची शिफ्ट चालू, फोन उचलेनात. आम्ही बसून राहिलो. आईने तो प्रश्न विचारला. मी मुलीकडे वळले.

ती म्हणाली, "मला एक खोली पाहिजे. संडासाचं दार तीस इंचाचं, बाहेर उघडणारं. माझी खुर्ची पंचवीस इंच आहे आणि आमचं दार बावीस." आईच्या शिवणाच्या टेपने तिने घरातली सगळी दारं मोजलेली होती.

आईचे डोळे भरले. "अगं, मग सांगायचं ना. दिवाळीला पप्पा आले की चौकटच काढून टाकू."

"या घराचं नाही सांगत," मुलगी म्हणाली. "माझ्या घराचं सांगतेय."

आई काही बोलली नाही. पंखा गरम हवा फेकत होता. मी पुन्हा सुरतेचा नंबर लावला, रिंग वाजत राहिली. मुलगी स्क्रीनकडे बघत होती, जिथे मोबाइलच्या रकान्यात वडिलांचे दहा आकडे भरलेले होते.

"ताई, अठरा झाल्यावर हा नंबर बदलता येतो का?"

"येतो," मी म्हटलं. "तुझ्याकडे फोन आला की आधीही येतो."

तिने आईकडे पाहिलं. मग ग्लास उचलला आणि दोन घोट पाणी प्यायली.