मिटल्या तोंडावर तेल

"ताई, लाइट लावला अन् पिल्लं पटापट खाली पडली." सकाळी सातला पोऱ्याचा फोन. चहा तसाच ठेवून अंबडचं शेड गाठलं.

नाशकात समुद्री मासे म्हटलं की लोक हसतात. पण आरओच्या पाण्यात मीठ कालवून क्लाउनफिशची पिल्लं इथेही निघतात, आमचं पोट त्यावरच चालतं. त्या टाकीत नवव्या दिवसाची तीनशेक पिल्लं होती, नुकते पांढरे पट्टे उमटू लागलेली. साठेक तळाशी आडवी झालेली. मी झाकण सरकवलं तशी आणखी पाच-सहा गरगरली आणि खाली बसली.

अमोनिया, क्षारता, टाकीचं तापमान, सगळं जागच्या जागी. नुसत्या दचकण्याने पिल्लं पडायला लागली की माझा पहिला संशय डीएचएवर जातो. मेंदू आणि डोळ्याचा पडदा घडायला हे मेदाम्ल लागतं. गोड्या पाण्यातले बरेच मासे वनस्पती तेलातल्या लिनोलेनिक आम्लापासून ते थोडंफार अंगातच बनवतात, समुद्री पिल्लांना मात्र तयार मिळावं लागतं. समुद्रात ती कोपेपॉड नावाचे बारीक कवचधारी जीव खातात, त्यातून भागतं. आमच्याकडे सुरुवातीला रोटिफर, म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारे पाण्यातले जीव, आणि पाचव्या दिवसापासून आर्टिमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जीवाची अंड्यातून निघालेली पिल्लं. आर्टिमियात डीएचए जवळजवळ नसतंच. म्हणून त्यांना आधी माशाच्या तेलाचं इमल्शन खाऊ घालायचं आणि मग ते पिल्लांना द्यायचे. याला आम्ही 'तेल पाजणं' म्हणतो.

"तेल घातलं होतंस ना रे?"

"रोज रात्री, ताई. मापानं."

खोटं बोलणारा पोरगा नव्हे. इमल्शनची बाटली नवी, खवट वासही नाही. शेवटी तेल पाजायच्या बरणीतला थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आर्टिमिया नारिंगी, गुबगुबीत, चांगले वळवळत होते. पण पोटात काही नाही. तेलाचे कण बाहेर, पायांना चिकटलेले.

अंड्यातून निघालेल्या आर्टिमियाला तोंडच उघडलेलं नसतं. अंगातल्या शिदोरीवर तो जगतो. पहिली कात टाकली की खायला लागतो, २८ अंशांना साधारण आठ तासांनी. अंडी फोडायच्या बरणीला आमच्याकडे हीटर होता, तेल पाजायच्या बरणीला नव्हता. तो खर्च मीच वाचवला होता.

पोऱ्या निफाडचा. सहज म्हणाला, "बाबा थंडीपायी चार रात्री बागेत शेकोट्या पेटवून बसलेत." मी बरणीत थर्मामीटर बुडवला. १७ अंश. म्हणजे चार रात्री आम्ही मिटल्या तोंडावर तेल ओतत होतो आणि सकाळी ते धुऊन टाकत होतो.

त्या दिवसापुरता रोटिफरने हात दिला. तो जन्मल्यापासून पाणी गाळून खातो, त्यामुळे काही तासांत तेलाने भरतो. पिल्लांच्या मानाने तो आता बारीकच, पण खाल्ला त्यांनी. ट्यूबवर वर्तमानपत्र गुंडाळलं, दार हळू लावायची ताकीद दिली. आर्टिमियाची बरणी हीटर लावलेल्या बादलीत बसवली, आतली हवा वाढवली, कारण तेल घातलं की पाण्यातला ऑक्सिजन झपाट्याने उतरतो. आणि आतड्याची रेघ दिसेपर्यंत इमल्शनला हात लावला नाही. तेल पाजून उरलेले आर्टिमिया फ्रिजमध्ये, कारण उबेत उपाशी राहिले की ते कमावलेलं डीएचए स्वतःच खर्चून टाकतात.

बरणीवर पोऱ्याने मार्करने लिहिलं, 'आधी तोंड बघा'. बाराव्या दिवशी पिल्लं मोजली. १८२ भरली.