दोन पत्रांमधले दिवस

सोलापूर, वैशाख. गुरुवार, रात्री साडेदहा.

उकाडा अजून उतरलेला नाही. पंख्याखाली पान हाताने दाबून धरावं लागतं. अशा रात्री पत्रांतून सांगितलेली प्रेमकथा बरी, दोन पानांचं पत्र संपलं की थांबता येतं. पण ती साध्या कादंबरीसारखी वाचून चालत नाही. कशी वाचायची, ते आज नीट लिहून ठेवायचं आहे.

आधी तारीख. घाईत आपण मायना ओलांडून थेट मजकुरात शिरतो आणि कथा तिथेच निसटते. पुस्तकात एक कोरा कागद ठेवावा, त्यावर तीन रकाने पाडावेत: कोणी लिहिलं, कधी लिहिलं, समोरच्याला कधी मिळालं. तिसरा रकाना लेखक क्वचितच देतो, तो आपणच भरायचा. समजा, इथल्या साखर पेठेतून तिने सोमवारी रुसून पुण्याला पत्र टाकलं. त्याला ते बुधवारी मिळालं. पण मंगळवारीच, तिच्या रागाची कल्पना नसताना, त्याने एक हसरं पत्र टाकलेलं आहे. ते गुरुवारी तिच्या हाती पडतं आणि तिला वाटतं, एवढं लिहूनही याला काहीच कसं वाटलं नाही! दोघंही खरं बोलतात आणि दोघंही दुखावतात. वाटेत पत्रांची चुकामूक झाली, एवढंच. रकाने भरलेले नसले की वाचक तिलाच आततायी ठरवून मोकळा होतो.

मग मायना. मराठीत प्रेम मजकुराच्या आधी मायन्यात दिसतं. ‘स. न. वि. वि.’ची जागा ‘प्रिय’ घेतं, पुढे आडनाव गळतं, मग नुसतं नाव राहतं. ‘तुम्ही’चं ‘तू’ ज्या पत्रात होतं, त्या पानाचा कोपरा दुमडावा. पुढे भांडणात पुन्हा ‘तुम्ही’ आलं की त्या पानाकडे परत जाऊन दोन्ही पत्रं शेजारी ठेवून मोठ्याने वाचावीत. ‘कळावे, लोभ असावा’ हे तसं रोजचंच वाक्य, पण आधीची चार पत्रं ‘तुझीच’ने संपलेली असली तर तेच वाक्य दार लावल्यासारखं ऐकू येतं.

मोठ्याने वाचल्यावर आणखी एक दोष सापडतो: दोघांचा आवाज एकच असणं. सोलापूरची मुलगी संदेशात ‘काय करायलास?’ लिहील, पुण्याचा मुलगा ‘काय करतेस?’ लिहील. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या घरातली असेल तर तिच्या मराठीची ठेवण आणखी वेगळी. नावं झाकून पाच पत्रं वाचावीत. कोणाचं पत्र कोणतं हे ओळखता आलं नाही, तर लेखकाने मेहनत कमी घेतली आहे.

ओळख लपवून सुरू होणाऱ्या प्रेमकथांत आपली भाषा फार मोठा पेच टाकते. डॅनिएल ग्लाटाउअर यांच्या 2006 सालच्या जर्मन ईमेल-कादंबरीची सुरुवात चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या मेलने होते. जर्मनमध्ये ‘मी’चं क्रियापद बाई की पुरुष ते सांगत नाही. मराठीत ‘मी वाट पाहते’ म्हटलं की संपलं. मग मराठी लेखकाने काय करावं? वाटा आहेत. ‘मी वाचलं’, ‘मी ऐकलं’, ‘मला आवडलं’ यांत लिंग दिसत नाही. ‘मी येईन’मध्येही नाही, ‘मला यायचंय’मध्येही नाही. चांगला लेखक पंचवीस-तीस संदेश अशा वाक्यांवर बेमालूम तोलून धरतो आणि मग एका रात्री, नेमक्या ठिकाणी, ‘मी रडले’ लिहून टाकतो. अनुवादात ही जागा हमखास फसते, पहिल्याच पानावर ‘मी लिहिते आहे’ येऊन बसतं. अशा पुस्तकात क्रियापदांखाली पेन्सिलने रेघ मारत जावं. लपवणं दिसू लागलं की प्रत्येक संदेशाचं वजन कळतं.

टपालाच्या चुका पाहायला विसरू नये. अंतर्देशीय पत्रात काही घालायची परवानगी नाही, पत्रावरच तसं छापलेलं असतं. मोगऱ्याचं वाळलेलं फूल पाठवायचं तर पाकीटच हवं. पिनकोड 15 ऑगस्ट 1972ला सुरू झाला, तेव्हा 1965च्या पत्रावर 413001 दिसला की मन उडतं. आणि तिकीट कमी लागलेलं, नॉटपेड पत्र फार थोडे लेखक वापरतात, याची हळहळ वाटते. पोस्टमन दारात उभा राहून पैसे मागतो आणि गुपित घरभर होतं. प्रेमकथेला याहून सोपा धक्का कुठे मिळणार?

मोबाइलच्या काळातही हीच तपासणी. एका एसएमएसमध्ये रोमन लिपीची 160 अक्षरं बसतात, देवनागरीची 70. म्हणून 2005च्या सुमाराची पात्रं ऐसपैस देवनागरीत एसएमएस लिहू लागली की खोटं वाटतं. माणसं तेव्हा रोमनमध्ये, स्वर गाळून लिहीत. संदेश वाचल्याच्या निळ्या खुणा व्हॉट्सॲपवर नोव्हेंबर 2014मध्ये आल्या. त्याआधीच्या प्रकरणात ‘निळं झालं तरी उत्तर नाही’ चालणार नाही. ई-रीडरवर ही पुस्तकं शक्यतो घेऊ नयेत. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर निळी खूण करडी दिसते, लाल हृदय काळं दिसतं. अक्षर मोठं केलं की संदेशांची डावी-उजवी मांडणी कधीकधी मोडते आणि कोण बोलतंय तेच कळेनासं होतं. छापील प्रत घ्यावी.

मजकुरातला सर्वांत मोठा दोष मात्र जुनाच आहे: ‘तुला माहीतच आहे, माझे वडील गिरणीत होते.’ माहीत आहे तर सांगते कशाला? ते वाचकासाठी लिहिलेलं असतं. वामन मल्हार जोशींनी ‘इंदू काळे व सरला भोळे’ पत्रांतून लिहिली, त्यालाही आता नव्वदएक वर्षं होत आली. निदान तेव्हापासून मराठीत हा घाट आहे, आता तरी ही चूक माफ करू नये.

हातातल्या कादंबरीची शेवटची चाळीस पानं रात्री संपवायची नाहीत. कागदावरचा तिसरा रकाना आधी पुरा करायचा. नायिकेच्या मार्गशीर्षातल्या पत्रासमोर अजून ‘कधी मिळालं’ रिकामं आहे, आणि नायकाचं पुढचं पत्र वाचताना त्याला ते मिळालंय असं वाटतही नाही. उद्या सकाळी उन्हं चढायच्या आत तिथूनच पुढे.