देवयानीची पाने

2 सप्टेंबर 1976 रोजी वि. स. खांडेकर गेले, तेव्हा मी सहावीत होते. आपल्या शाळेत प्रार्थनेनंतर शोकसभा झाली. मराठीच्या बाई बोलायला उभ्या राहिल्या आणि दोन वाक्यांतच त्यांचा गळा दाटून आला. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते, मराठीला पहिलं ज्ञानपीठ त्यांच्यामुळे मिळालं, एवढंच कसंबसं सांगून त्या खाली बसल्या. कधी न भेटलेल्या माणसासाठी बाई का रडतात, ते मला कळेना.

नववीत कळलं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की वाचनालयाचं कपाट उघडायचं. तिथून खांडेकरांची 'ययाति' कादंबरी नेली आणि तीन आठवडे परतच केली नाही. ययाती, देवयानी, शर्मिष्ठा, तिघंही आपापली कहाणी स्वतः सांगतात. मी पुरती शर्मिष्ठेच्या बाजूची! राजकन्या असून दासी झालेली, तरी मनानं मोठी राहिलेली. देवयानीचं मात्र तोंड पाहू नये असं वाटे. आवडलेली वाक्यं उतरवून घेता घेता माझी दोनशे पानी वही भरली.

पुढे कोल्हापूरला कॉलेजात भालचंद्र नेमाडेंची 'कोसला' हाती आली. 1963 सालचं पुस्तक, पण तिचा नायक पांडुरंग सांगवीकर जणू आमच्याच वसतिगृहात राहत होता. खांडेकरांची भाषा मग एकदम नटवी वाटू लागली. मित्रमैत्रिणींसमोर खांडेकर आवडत असल्याचं मी साफ नाकारलं आणि सुट्टीत घरी आल्यावर ती वही रद्दीत घातली. याचं मला आजही वाईट वाटतं. शोकसभेतल्या बाई आठवल्या की जास्तच.

गेल्या पावसाळ्यात दोन्ही कादंबऱ्या पुन्हा वाचल्या. 'कोसला'त या वेळी पांडुरंगापेक्षा त्याला पुण्याला पैसे पाठवणारे वडीलच डोळ्यांसमोर येत राहिले. 'ययाति'तले अलंकार मला अजूनही जड जातात. पण देवयानी! जीव लावला तो कच निघून गेला. महाराणी झाली, तर नवऱ्याचं मन आपल्याच दासीत गुंतलेलं. तिच्या संतापाला मी तेव्हा दुष्टपणा म्हणत होते. मधल्या काळात सख्ख्या बहिणीचा संसार मोडताना जवळून पाहिला; आता तो शब्द माझ्याच्याने उच्चारवत नाही. खांडेकरांचा कल शर्मिष्ठेकडेच आहे, असं मला वाटतं. तरीही त्यांनी देवयानीला तिच्या तोंडानं बोलू दिलं. मीच ऐकलं नव्हतं.

शाळेच्या महोत्सवाच्या बैठकीला आले, तेव्हा ते जुनं कपाट उघडून पाहिलं. 'ययाति'ची शिवण सुटली आहे. वाचनालयासाठी नवी प्रत मी दिली आहे, पण ग्रंथपालांना विनंती आहे की जुनी रद्दीत काढू नये. शर्मिष्ठेच्या पानांवरच्या पेन्सिलच्या खुणा माझ्या आहेत. देवयानीची पानं कोरी आहेत. ती वाचायला मी पुन्हा येणार आहे.

– एक माजी विद्यार्थिनी, दहावी, 1981