रक्त द्या, पण आधी तोंड उघडून दाखवा

दिवाळीनंतर कापसाचा पहिला वेचा होऊन लोकांच्या हातात जरा पैसे आले तेव्हा आमच्या गावात एक तपासणी शिबिर आलं होतं, रक्तातून कॅन्सर पकडतो म्हणे. मामीनं पैसे भरले, मामा म्हणे मले काय झालं, मी ठणठणीत.

पाच दिवसांनी मामीचा रिपोर्ट मोबाईलवर आला, सीए-१२५ वाढलेलं, लाल अक्षरात. अंडाशयाच्या कॅन्सरची खूण म्हणून रक्तात मोजतात ते प्रथिन. समजावून सांगाले कोणीच नाही, शिबिरवाल्यांचा फोन बंद. मामी दोन दिवस जेवली नाही, मले सारखी विचारे, "जगीन ना रे मी?" 

नागपूरले नेलं. सोनोग्राफीत गर्भाशयात साधी गाठ निघाली, फायब्रॉईड. डॉक्टर म्हणाले अशा गाठीनं, पोटातल्या टीबीनं, पाळीच्या दिवसांतही हा आकडा वाढते. ब्रिटनमध्ये २ लाखांवर बायकांचा कितीक वर्षं अभ्यास केला, त्यातल्या काहींची दरवर्षी हीच टेस्ट, अन् २०२१ मध्ये निकाल आला की अंडाशयाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू त्यानं कमी झाले नाहीत.

आता नवीन टेस्ट आल्या आहेत, गॅलरी नावाच्या टेस्टसारख्या, रक्तात फिरणारे डीएनएचे तुकडे अन् त्यावरच्या खुणा वाचणाऱ्या. मले त्यांच्याबद्दल खरंच आशा आहे. पण २०२१ च्याच एका अभ्यासात गॅलरीनं चौथ्या स्टेजचे शंभरातले ९० कॅन्सर पकडले अन् पहिल्या स्टेजचे फक्त १७ च्या आसपास, म्हणजे जिथं पकडणं सगळ्यात कामाचं तिथंच ती अजून कमजोर आहे. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून कोणी निर्धास्त होऊन बसू नका.

निघता निघता डॉक्टरांची नजर मामाच्या दातांवर गेली. खर्रा खाता, तंबाखू-सुपारीचा? मामानं मान हलवली. तोंड उघडा म्हणाले, अन् उघडेच ना, तीन बोटं उभी जायला पाहिजे तिथं दोनच गेली. डाव्या गालात, जिथं वीस वर्षं खर्रा दाबून ठेवला, तिथं पांढरा चट्टा. तेव्हा मले आठवलं, मामा वर्षभरापासून ठेचा खात नव्हता, भाकर वरणात कुस्करून खाये, अन् आम्ही घरचे सगळे म्हणत होतो वय झालं. बेचाळीस वर्षांच्या माणसाले!

त्या शिबिरात मामा मामीसोबत दोन तास बसून होता, एकानंही बॅटरी मारून त्याचं तोंड पाहिलं नाही. केरळात असंच नुसतं डोळ्यांनी तोंड तपासून, तंबाखू-दारूवाल्या लोकांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू एक तृतीयांशानं कमी झाल्याचं २००५ मध्येच छापून आलं आहे, अन् आपल्याकडं तर पानठेल्यावर पोरं शाळेच्या वयापासून पन्नीत खर्रा घोटून घेतात.

मामाची बायोप्सी झाली. कॅन्सर नाही, पण चट्टा पुढं कॅन्सरमध्ये बदलू शकते, दर तीन महिन्यांनी दाखवायचं. खर्रा सुटून एकेचाळीस दिवस झाले, जेवण झालं की हात अजून खिशाकडं जाते, मामी बडीशेप देते. तिशीच्या वरच्यांचं तोंड, स्तन अन् गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट असते, आशाताईले विचारा. येत्या गुरुवारी मी माझ्या बाबाले नेतो आहे, तेही खर्रा खातात.