पादुआ: मुखवट्यांच्या नाटकाच्या मुळाशी

कोम्मेदिया देल्लार्ते, म्हणजे मुखवटे चढवून आयत्या वेळी संवाद रचत रंगवायचं इटालियन विनोदी नाटक. त्याचा माग काढायला लोक व्हेनिसला जातात. आमचं म्हणणं, आधी पादुआ गाठा. व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनवरून गाडीने साधारण अर्धा तास. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी स्टेशनवरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या. नाहीतर तिकीट असूनही दंड भरावा लागतो.

ट्रामने 'सांतो' थांब्यावर उतरा. संत अंतोनीच्या बाझिलिकाजवळच (मोठ्या चर्चजवळच) व्हिया चेझारोत्ती या रस्त्यावर लोज्जा कोर्नारो ही कमानींची उघडी पडवी आहे. आल्विझे कोर्नारो या धनिकासाठी वास्तुकार फाल्कोनेत्तोने १५२४ मध्ये ती बांधली. खाली पाच कमानी, समोर मोकळं अंगण. नाटककार आणि नट आंजेलो बेओल्को इथे नाटकं करायचा. अंगणाच्या टोकाला, कमानींकडे तोंड करून उभं राहिलं की रंगमंच आणि प्रेक्षक यांची मांडणी आपोआप कळते. शेजारच्या ओदेओ या इमारतीतलं अष्टकोनी संगीतदालनही चुकवू नका. भेटीच्या वेळा मर्यादित असतात, त्या आदल्या दिवशीच पाहून ठेवा.

बेओल्कोची नाटकं लिहिलेली होती, उत्स्फूर्त नव्हेत. तरी मूळ इथेच दिसतं. नाटक बदललं तरी तो बहुधा रुझान्ते नावाचा खेडूतच व्हायचा आणि पादुआच्या ग्रामीण बोलीत बोलायचा. ठरलेलं पात्र आणि त्याची ठरलेली बोली, यावरच पुढे कोम्मेदियातली पांतालोने (कंजूष म्हातारा व्यापारी) आणि आर्लेकिनो (खट्याळ नोकर) ही पात्रं उभी राहिली. युद्धावरून परतलेल्या रुझान्तेचं 'पार्लामेंतो' हे नाटक जाण्याआधी वाचाच. एकाच माणसाकडून मार खाल्ल्यावर तो शंभर जण होते म्हणून सांगतो. भुकेने आणि भीतीने पिचलेल्या माणसाचा असा विनोद त्या काळात दुसऱ्या कुणी लिहिला नाही, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

बेओल्को १५४२ मध्ये वारला. २५ फेब्रुवारी १५४५ रोजी याच शहरात माफेओ हा नट आणि त्याच्या साथीदारांनी, एकूण आठ जणांनी, नोटरीसमोर करार केला. कमाई सामाईक पेटीत, आजारी साथीदाराचा खर्च त्यातूनच, सामान वाहायला सगळ्यांच्या पैशांतून घोडा. इटलीतल्या व्यावसायिक नटमंडळीचा हा सर्वांत जुना ज्ञात करार मानला जातो.

दुसरा दिवस जवळच्या आबानो तेर्मे या गावाला द्या. पादुआहून बस आहे. सार्तोरी या मुखवटाकार घराण्याच्या मुखवटा संग्रहालयात जाण्याआधी ते उघडं असल्याची फोनवर खात्री करा. चामडी मुखवटा घडवायची रीत अशी: कोरलेल्या लाकडी साच्यावर भिजवलेलं चामडं ताणून खिळवायचं, शिंगाच्या हातोडीने ठोकत सुरकुत्यांपर्यंत बसवायचं, साच्यावरच वाळू द्यायचं. घाई केली तर चामडं आक्रसून आकार बिघडतो.

मुखवटा विकत घ्यायचा तो यानंतरच. व्हेनिसच्या दुकानांतले बरेचसे कागदाच्या लगद्याचे असतात आणि घामाने मऊ पडतात. प्रयोगासाठी चामड्याचा अर्धा मुखवटा हवा, ओठ आणि हनुवटी मोकळी ठेवणारा. दुकानातच घालून मोठ्याने बोलून बघा. गाल हलल्यावर कड टोचत असेल तर तो घेऊ नका.